पिस्तूल घ्यायचे ठरले तेव्हा

परवाना मिळवणे कठीण आणि पिस्तूल विकत घेणे सोपे, अशी बहुतेकांची समजूत असते. इंदूरच्या एका मराठी पेट्रोलपंप मालकांचीही तशीच होती. अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, असे करता करता दोन वर्षे गेली. २०२३च्या सुरुवातीला परवाना हाती पडला, तेव्हा देवापुढे पेढे ठेवून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता दुकानात जायचे, पैसे मोजायचे आणि मिक्सर आणावा तसा डबा घेऊन घरी यायचे, एवढेच काय ते उरले, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

त्यांचा पंप शहराबाहेर, महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. ट्रकवाल्यांची गर्दी, रात्रभर चालणारा धंदा आणि सकाळी बँकेत भरायची रोकड. २०२० सालच्या हिवाळ्यात त्यांच्या मुनीमाला दोघांनी अडवले, पिशवी हिसकावली आणि जाता जाता डोक्यात लोखंडी गज घातला. सात टाके पडले. मुनीम वाचले, पण त्यानंतर ते पिशवीला हात लावायला तयार होईनात. रोकड मालक स्वतः नेऊ लागले आणि त्याच महिन्यात त्यांनी अर्ज केला.

गंमत अशी, की परवाना येईपर्यंत पिशवी निम्म्याने हलकी झाली होती. ट्रकवालेसुद्धा मोबाइल काढून पैसे भरू लागले होते. पत्नीने तेव्हाच विचारले, ‘‘अहो, आता घ्यायलाच हवं का?’’ प्रश्न रास्त होता. पण निम्मी रोकड उरलीच होती आणि मुनीमांच्या कपाळावरची खूण रोज समोर दिसत होती. घ्यायचे ठरले. राहिला प्रश्न, कोणते घ्यायचे हा.

आपल्या देशात सामान्य नागरिकाला या बाबतीत फारशी मोकळीक नाही. लष्कर आणि पोलिस वापरतात ते नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित गटात येते. कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत ते फौजांसाठी बनते. साध्या परवान्यावर मिळते ते मुख्यतः पॉइंट बत्तीस बोअरचे. त्यातही एक मेख आहे, ती पुष्कळांना दुकानात गेल्यावर कळते. पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर आणि पॉइंट बत्तीसचे पिस्तूल यांची काडतुसे एक नाहीत. आकडा तोच, पण रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी रुंद कडा असलेले, पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

सल्ला देणारे मात्र सगळीकडून धावून आले. मेहुणे म्हणाले, रिव्हॉल्व्हरच घ्या, अडकत नाही, बिघडत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ नावाचे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्यांनी त्याचे कात्रणही पाठवले. पंपावर येणारे एक कंत्राटदार म्हणाले, पिस्तूल घ्या, खिशात चपटे बसते. थोरली मुलगी अभियांत्रिकीला. ती म्हणाली, ‘‘बाबा, आधी एक चांगली तिजोरी घ्या.’’ हा सल्ला सर्वांत चांगला होता, पण तेव्हा तो कोणी मनावर घेतला नाही.

गृहस्थांच्या मनात वेगळेच होते. त्यांना जुन्या घाटाचे पिस्तूल हवे होते. पोलादी, सडपातळ, निळसर काळ्या झिलईचे. या घाटाचा उगम एका माणसापाशी जातो: अमेरिकेतले जॉन ब्राउनिंग. १८९९च्या सुमारास त्यांनी बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीसाठी एक छोटे पिस्तूल आणि त्याचे काडतूस तयार केले. तेच हे पॉइंट बत्तीसचे काडतूस. सव्वाशे वर्षे झाली तरी चालते आहे. त्याची ताकद बेताची. त्यामुळे पिस्तुलाची रचनाही सोपी ठेवता आली. बार झाला, की मागे ढकलणारा जोर स्लाइडच्या नुसत्या वजनावर आणि एका स्प्रिंगवर झेलला जातो. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मुठीतल्या मॅगझिनमधून पुढचे काडतूस उचलून नळीच्या तोंडाशी बसवते. चाप मात्र प्रत्येक बाराला नव्याने ओढावा लागतो, म्हणून ‘अर्धस्वयंचलित’.

ब्राउनिंग यांनीच पुढे कोल्ट कंपनीसाठी १९०३चे मॉडेल केले आणि ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिले. आपल्याकडे त्या पिस्तुलाला वेगळेच वलय आहे. चंद्रशेखर आझाद २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात लढता लढता गेले, तेव्हा त्यांच्या हातात होते ते पॉइंट बत्तीसचे कोल्ट. ‘बमतुल बुखारा’ हे त्याचे लाडके नाव. त्याच बागेतल्या संग्रहालयात ते ठेवले आहे. हे गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन प्रयागला गेले होते, तेव्हा संगमावरून परतताना त्यांनी ते पाहिले होते. काचेपलीकडची एवढीशी वस्तू. पण तेथून त्यांचा पाय निघेना.

दुसरे कोल्ट तर त्यांच्या गावातच होते आणि कोणालाच माहीत नव्हते. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकरणातले भगतसिंगांचे पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहालयात इतर जुन्या हत्यारांच्या रांगेत पडून होते. गंजू नये म्हणून त्यावर रंग चढवलेला. २०१६ साली रंग खरवडून नंबर वाचला, तेव्हा ओळख पटली. पुढे ते पंजाबात हुसैनीवालाला नेण्यात आले. ज्या रस्त्याने आपण लहानपणापासून जातो-येतो त्याच्या कडेला ते होते, ही गोष्ट या गृहस्थांच्या मनात घर करून बसली होती. तेव्हा त्यांना कोणते पिस्तूल हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

आणि नेमके तेच चालून आले. धारकडचे एक वृद्ध जमीनदार, सत्तरी ओलांडलेले, घरातले कोल्ट विकू पाहत होते. मुले परदेशी, वारस म्हणून परवाना घ्यायला कोणी तयार नाही. भाव ऐकून मात्र डोळे पांढरे व्हायची वेळ. असल्या पिस्तुलांना असा भाव का, याचे कारण सरळ आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणे जवळजवळ बंद झाले. त्याआधी देशात आले तेवढेच परवान्यांवर फिरते आहे, आणि नव्या देशी पिस्तुलाच्या कित्येक पट किंमत त्याला पडते. या कोल्टसाठी मागितलेली रक्कम थोरलीच्या कॉलेजच्या उरलेल्या दोन वर्षांच्या फीपेक्षा जास्त होती.

खाजगी विक्रीला कायद्याची रीतही आहे. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवायचे आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे, मगच हस्तांतर. घाई करता येत नाही. पुष्कळांना हा जाच वाटतो, पण या घराला त्या पंचेचाळीस दिवसांनीच वाचवले म्हणायचे. कारण तेवढ्या दिवसांत काकांना बोलावून घेता आले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन महूलाच स्थायिक झालेले. उभी हयात जवानांना हत्यार शिकवण्यात गेली. धारला गेल्यावर त्यांनी चहासुद्धा नंतर घेऊ म्हटले. परवान्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर अंक-अंक जुळवून पाहिला. नंबर घासलेला किंवा बदललेला असेल तर ते शस्त्र फुकट मिळाले तरी घेऊ नये, तो सरळ गुन्हा आहे, असे त्यांनी पुतण्याला तेथेच सांगितले. मग मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून अडकवली, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला आणि पुढून डोळा लावला.

‘‘ये, बघ,’’ ते म्हणाले.

नळीच्या आत पिळाच्या रेघा असतात, त्या गोळीला गिरकी देतात. येथे रेघा होत्या, पण त्यांच्यामधून देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीतले रसायन बार झाल्यावर नळीत क्षार सोडून जात असे. त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही, की पोलाद खाल्ले गेलेच. बाहेरून पिस्तूल आरशासारखे होते. तेही अलीकडे पुन्हा झिलई दिल्यामुळे. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. मागची स्प्रिंग दमली होती. मॅगझिन एकच, आणि त्याची वरची ओठांसारखी कड वाकलेली. काडतूस अडकते ते पुष्कळदा तेथेच.

काकांचा खरा आक्षेप वेगळा होता. या कोल्टला ‘बिनघोड्याचे’ म्हणतात, पण घोडा असतो. तो स्लाइडच्या आत दडलेला असतो. खिशात अडकू नये म्हणून ही युक्ती. ‘‘फौजी माणसाला चालतं,’’ काका म्हणाले. ‘‘पण घरात पडलेलं हत्यार चढवलेलं आहे की उतरवलेलं, हे बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. ह्यात कळत नाही.’’

गृहस्थ परतताना गाडीत गप्प होते. नकार लगेच दिला नाही. हाताला त्याची मूठ इतकी बेतशीर बसली होती, की नळीतले खड्डे पाहूनही मन वळत नव्हते. माणूस घर घेताना, स्थळ पाहताना असाच फसतो.

घरी आजींनी मात्र या साऱ्या काळात पिस्तूल हा शब्द तोंडातून काढला नव्हता. ‘ते तुझं काय ते’ एवढेच म्हणत. त्यांचे माहेर ग्वाल्हेरचे. गांधीजींच्या हत्येत वापरलेले इटालियन बेरेटा पिस्तूल जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेरहूनच मिळवलेले होते. पोलिसांचा तपास तेथे पोचला, धरपकड झाली. आजींचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांनी घरात एक नियम घालून दिला होता: या विषयावर बोलायचे नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. खेळण्यातले टिकल्यांचे पिस्तूलसुद्धा त्या माहेरी दिवाळीला कधी आले नाही.

कोल्टचे वर्णन चालले असता त्या एकदा एवढेच म्हणाल्या, ‘‘तुला अलाहाबादचं आठवतं. मला ग्वाल्हेरचं आठवतं.’’

यावर कोणाला उत्तर सुचले नाही. दोन्ही पिस्तुले एकाच जातीची, खिशात मावणारी, ब्राउनिंगने घालून दिलेल्या धर्तीवर स्लाइडच्या वजनावर चालणारी. बेरेटाचे काडतूस मात्र किंचित मोठे.

शेवटी पत्नी म्हणाल्या, ‘‘मी येते दुकानात. घरात येणारी वस्तू मी पाहिल्याशिवाय येणार नाही.’’ त्या शाळेत शिक्षिका आहेत. वस्तू पाहणे म्हणजे प्रश्न विचारणे, हा त्यांचा धर्म. बंदुकांच्या दुकानात सहसा बायका येत नाहीत. दुकानदाराने आधी गालिचा, मग चहा, मग थंड मागवले. काका बरोबर होतेच.

काउंटरच्या काचेवर तीन पिस्तुले आली. पहिले वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचे. लंडनच्या पोलिसांनी १९११ साली स्वीकारले ते याच जातीचे. दिसायला ओबडधोबड, मूठ जवळजवळ काटकोनात, पण घोडा बाहेर, डोळ्यांना दिसणारा. दुसरे जर्मन वॉल्थर, १९२९ साली निघालेले ‘पीपी’. जेम्स बाँडच्या पिस्तुलाचा थोरला भाऊ, हे दुकानदाराने दोनदा सांगितले. तिसरे आपल्याकडचे, ईशापूरचे ‘अशनी’, नवेकोरे, तेलाच्या कागदात गुंडाळलेले.

वॉल्थर पाहून काकांचाही चेहरा उजळला. त्यात खटका दाबला की चढलेला घोडा गोळी न सुटता खाली येतो. शिवाय चेंबरमध्ये काडतूस असेल तर घोड्याच्या वर एक बारीक टाचणी बाहेर डोकावते. अंधारातही अंगठ्याने चाचपून कळते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी एवढा विचार केला होता. किंमत ऐकल्यावर मात्र ते पिस्तूल पुन्हा मखमलीत गेले. कोल्टपेक्षाही ती जास्त होती.

यानंतर बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्याने पुढचे सारे ठरले. दुकानदाराने वेब्लीचे मॅगझिन काढून बाजूला ठेवले होते. त्यांनी विचारले, ‘‘आता हे रिकामं झालं ना?’’

‘‘झालं,’’ त्यांचे यजमान म्हणाले. परवाना मिळालेले, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असलेले यजमान.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी दुकानदाराकडून सरावाचे एक खोटे काडतूस मागून घेतले, बिनदारूचे. पाठ करून काहीतरी केले, मग पिस्तूल आणि मॅगझिन वेगवेगळे काचेवर ठेवले. ‘‘सूनबाई, हे रिकामं की भरलेलं?’’

मॅगझिन तर समोर रिकामे पडले होते. ‘‘रिकामं,’’ त्या म्हणाल्या.

काकांनी नळी भिंतीकडे धरून स्लाइड मागे ओढली. पितळी काडतूस उडाले, काचेवर टणत्कार करून दोनदा उसळले आणि घरंगळत बाईंच्या पर्सला जाऊन टेकले.

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा घरातला धोका तो एवढाच आणि एवढा मोठा आहे. मॅगझिन काढले, तरी आधीच नळीच्या तोंडाशी जाऊन बसलेले काडतूस तेथेच राहते. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही अशी सोय असते, काहींत नसते, आणि पाहणाऱ्याला ते कळत नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले, की सगळी घरे एकदम दिसतात. येथे बघावे लागते. क्रमही चुकवून चालत नाही. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटे केले, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तर पहिले काडतूस बाहेर पडते आणि त्याच झटक्यात दुसरे आत जाऊन बसते. माणूस काडतूस पडलेले पाहतो आणि निर्धास्त होतो. स्लाइड मागे धरून आत डोळ्यांनी पाहायचे, करंगळीने चाचपायचे आणि मगच हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचे. घेणाऱ्यानेही पुन्हा तेच करायचे, त्याने पाहिले असले तरी.

बाईंनी तेथल्या तेथे तिन्ही पिस्तुले स्वतः उघडून पाहिली. स्लाइड ओढायला जोर लागतो. पहिल्या खेपेला जमले नाही, दुसऱ्या खेपेला जमले. शाळेतल्या मुलाकडून पाढा म्हणवून घ्यावा तसा त्यांनी यजमानांकडूनही तो क्रम तीनदा करवून घेतला. दुकानदार हे सारे तोंडात बोट घालून पाहत होता.

घरी आल्यावर खरी वादावादी झाली. धाकटा तेरा वर्षांचा, उचापती. बाईंचे म्हणणे, वस्तू घरात आहे हे त्याला कळताच कामा नये. काकांचे म्हणणे उलटे. ‘‘लपवलेली वस्तू पोरं शोधतातच, सूनबाई. तुमचे दिवाळीचे लाडू सापडतात ना त्याला? मी समोर बसवून एकदा दाखवीन, उघडून, सुटं करून. कौतुक संपलं की हात जात नाही.’’

‘‘लाडू आणि हे सारखं का, काका?’’ बाईंनी विचारले. दोन दिवस अबोल्यात गेले. तोडगा निघाला तो दोघांचेही अर्धे-अर्धे मान्य करणारा. काकांनी मुलाला दाखवायचे, पण बाईंसमोर. आणि किल्ली कोठे असते, हे दाखवणाऱ्यालाही माहीत नसायचे. थोरलीचा तिजोरीचा सल्लाही आता आठवला. भिंतीत बोल्टने बसवलेली पोलादी पेटी आधी आली. काडतुसांची पेटी वेगळी, वेगळ्या खोलीत, तिची किल्लीही वेगळी. लग्नाकार्यात बरोबर न्यायचे नाही, हीसुद्धा बाईंची अट. तिकडे वरातीत बार काढण्याची खोड जुनीच आहे. २०१९च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बेपर्वाईने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पण बाईंना कायद्याची गरज वाटली नाही. ‘‘माझ्या माहेरच्या मांडवात ते कमरेला लावून आलात, तर मी पंगतीतून उठेन,’’ एवढे त्यांनी सांगितले.

शेवटी घेतले ते ईशापूरचे. ते काही त्यातले सर्वांत देखणे नव्हते, आणि गृहस्थांनीही तसे भासवले नाही. नवे पिस्तूल, रीतसर बिल, स्वच्छ नंबर, बनवणारा कारखाना चालू, सुटे भाग मिळण्याची आशा. याहून महत्त्वाचा मुद्दा काकांनी मांडला होता. सोन्याच्या भावाने घेतलेले पिस्तूल कोणी सरावाला काढत नाही. झिलई जाईल, स्प्रिंग तुटेल, म्हणून ते मखमलीत राहते, आणि वेळ आली तर मालकाचा हात त्याला परका असतो. हे नवे पिस्तूल त्यांनी रायफल क्लबच्या रेंजवर मनसोक्त वापरले. पहिल्या दिवशी सात मीटरवरून आठपैकी तीन गोळ्या कागदाला लागल्या. बमतुल बुखाराची आठवण असलेल्या माणसाला हा धडा मोठा होता. रोकड नेण्याची वाट आणि वेळ रोज बदलायची, सोबत एक माणूस ठेवायचा, हे त्यांनी त्यानंतर सुरू केले. पिस्तूल आले म्हणून आता पिशवी एकट्याने नेता येईल, हा विचार रेंजवरच संपला.

धारच्या वृद्ध गृहस्थांना नकाराचा फोन करायला मात्र आठ दिवस लागले. ‘‘मला वाटलंच होतं,’’ ते म्हणाले. ‘‘नळी पाहिलीत ना? वडील धूत असत. मी नाही धुतली.’’

त्या वर्षी खंडेनवमीला पिस्तूल घरी नव्हतेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. अशा वेळी परवान्यावरची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. तसे ते जमा झाले होते. पाटावर दरवर्षीप्रमाणे विळी, कात्री, पंपावरचे पाने आणि पणजोबांची म्यानातली तलवार एवढेच होते. पुढच्या वर्षी, २०२४च्या खंडेनवमीला, पिस्तुलाला पहिल्यांदा पाटावर जागा मिळाली. काका महूहून आले होते. काडतुसे त्यांच्या पेटीतच राहिली.

गृहस्थांनी पिस्तूल आणले, मॅगझिन काढून ठेवले, स्लाइड मागे ओढून अडकवली. नळी भिंतीकडे. त्यांनी पाहिले, मग पत्नीने पाहिले. धाकट्याने पाहिले आणि करंगळी घालून चाचपलेही. आता पाटावर ठेवायचे, तोच आजी म्हणाल्या, ‘‘थांबा. माझा चष्मा कुठाय?’’

चष्मा आणला गेला. आजींनी वाकून त्या रिकाम्या चेंबरमध्ये बराच वेळ पाहिले. मग हळदीकुंकवाची कोयरी पुढे ओढली.

‘‘आई, ओलं लावू नकोस, गंजेल,’’ गृहस्थ म्हणाले.

‘‘कळतं मला,’’ असे म्हणून त्यांनी चिमटीत कोरडे कुंकू घेतले.